स्वतःला वाढणारे आबा

कामोठ्यातला तो वन आरके बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न नोकरीचा नव्हता, लग्नाचा नव्हता, एकटी का राहणार असाही नव्हता. दार उघडून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, दिवसातनं कच्चं काय खाता?"

"म्हणजे?"

"म्हंजे काकडी, मुळा, गाजर, कांदा. चुलीवर न चढलेलं. काय खाता?"

मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. आदल्या आठवड्यात सँडविचमधून एक काकडीची चकती निघाली होती, ती मी काढून ठेवली होती. त्याआधीचं काही आठवेना. "काहीच नाही," मी म्हणाले.

"बरं. मग ऱ्हावा हितं," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

सगळी बिल्डिंग त्यांना आबा म्हणायची. मूळचे साताऱ्याकडचे. बत्तीस वर्षं वाशीच्या मार्केटात भाजीच्या गोणी पाठीवरून वाहिलेले. बुटके, रुंद, मान जाड, आणि उभे राहिले की अजून पाठीवर काहीतरी आहे असे किंचित पुढे झुकलेले. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा गावाकडे शेती बघायचा. आबा एका फ्लॅटमध्ये एकटे राहायचे आणि शेजारचा छोटा मला दिला होता. माझं लग्न नुकतंच मोडलं होतं. ऐरोलीतल्या एका कंपनीत दुपारची पाळी होती, बस दीडला यायची. तोवर मी घरातच असायचे. ओट्याला टेकून, उभ्या उभ्या, बाहेरून डब्यात आणलेलं काहीतरी खात, मोबाईल बघत.

आमच्या दोघांच्या गॅलऱ्या लागून होत्या. पहिल्या आठवड्यात माझा समज झाला की आबांकडे रोज पाहुणे येतात. बरोबर बाराला पाट सरकवल्याचा आवाज यायचा, तांब्या ठेवल्याचा यायचा आणि मग आबांचा खणखणीत आवाज, "बसा, आबा, बसा. घ्या." मला वाटायचं गावाकडचे दुसरे कुणी आबा आले असतील. शेवटी मी विचारलंच.

"आबा, रोज जेवायला कोण येतं तुमच्याकडे?"

"मी," ते म्हणाले.

थट्टा नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं. पाट ओल्या फडक्यानं पुसलेला. ताटात वर मीठ, लिंबाची फोड, डाव्या बाजूला चटणी आणि घरातली सगळ्यांत मोठी वाटी भरून कोशिंबीर. भाकरी, आमटी वगैरे नंतर. आधी कोशिंबीर खाऊन संपवायची, मग बाकीच्याला हात लावायचा. मांडून झालं की ते दोन पावलं मागे सरकायचे, ताटाकडे पाहायचे, स्वतःला "बसा" म्हणायचे आणि बसायचे.

"दुसऱ्याला वाढतो तसं सोताला वाढायचं," ते म्हणाले. "त्यात लाज कसली?"

यामागची गोष्ट त्यांनी मला बऱ्याच महिन्यांनी सांगितली, मेथी निवडता निवडता, मान वर न करता. बायको गेल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी ते एकटेच जेवायला बसले होते. तेव्हा त्यांना आठवायचा प्रयत्न करूनही बायको ताट घेऊन बसलेली आठवेना. कायम ओट्याशी उभी. सगळ्यांचं झालं की पातेल्याला लागलेलं खरवडून, एका हातात भाकरीचा तुकडा. कोशिंबीर ती सगळ्यांना करायची, तिच्यापर्यंत ती कधी उरायची नाही.

"चाळीस वर्सं संसार केला मॅडम. मार्केटातनं ताजी भाजी मी आणायचो आन् मला दिसलं न्हाय की ती खाते का न्हाय." मेथीची एक काडी त्यांनी बराच वेळ धरून ठेवली. "आता तिला बसवता येत न्हाय. म्हून मी बसतो."

तेव्हापासून आबांना एक खोड लागली होती. बारा ते एकच्या दरम्यान ते बिल्डिंगमधल्या बायकांची दारं वाजवायचे आणि विचारायचे, "बसून खाल्लं का?" सोसायटीच्या मीटिंगमध्ये यावर तक्रारसुद्धा झाली होती म्हणे. समोरच्या वहिनींनी पहिल्यांदा तोंडावर दार लावलं होतं. आबा दुसऱ्या दिवशी परत गेले, हातात दह्यातल्या गाजराची वाटी घेऊन. तिसऱ्या दिवशीही गेले. महिनाभरानं वहिनी आतूनच ओरडायला लागल्या, "बसलेय हो आबा, बसलेय! घास तोंडात आहे!"

त्यांचं ऋतूंचं गणित साधं होतं. "मार्केटात ज्या म्हयन्यात ज्या भाजीचा ढीग लागतो, ती त्या म्हयन्याची. निसर्गच ओरडून सांगतोय, हे खावा." थंडीत मुळा किसून, त्याच्या पाल्यासकट, वर हिंगाची फोडणी. कोवळी मेथी चिरून कांदा, दाण्याचं कूट आणि कच्चं तेल. ओल्या हळदीचे काप लिंबात. उन्हाळ्यात कैरी-कांदा-गूळ. कलिंगडाच्या सालीखालचा पांढरा भाग आम्ही सगळे फेकायचो, तो ते किसून दह्यात घालायचे. पावसात जाडजूड तवसं, म्हणजे वेलावरची मोठी जून काकडी. पावसाळ्यात टोमॅटोला ते हात लावायचे नाहीत आणि श्रावणात कुणी फ्लॉवर आणला तर त्या माणसाकडे दयेनं बघायचे.

आणि फेसलेली मोहरी. भिजवलेली मोहरी पाट्यावर पाणी शिंपडत घोटायची, ती पांढरी होऊन फुगेपर्यंत, मग दह्यात कालवून केळ्याच्या किंवा काकडीच्या फोडींवर घालायची. पहिला घास घेतला तेव्हा ती झण्णकन माझ्या नाकातून डोक्यात गेली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते मोहरीचं होतं की गेल्या वर्षभराचं, मला कळेना. मी रडत होते आणि खात होते. आबा म्हणाले, "चांगलंय. निघू द्या. डोकं मोकळं हुतंय." आणि मला आणखी वाढलं.

एकदा माझ्या वाढदिवसाला मी त्यांना सीवूड्सच्या मॉलमध्ये नेलं. म्हटलं, तुमच्याच आवडीचं खाऊ घालते. तिथं एका दुकानात काचेमागे रंगीबेरंगी पालेभाज्यांची भांडी मांडलेली होती. काउंटरवरच्या तरुणीनं विचारलं, "सर, ड्रेसिंग कोणतं?"

"ड्रेसिंग? कुणाला लागलं?" आबांनी काळजीनं इकडेतिकडे पाहिलं.

मी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, बाऊल घेतला, एक घास खाल्ला आणि बाऊल घेऊन परत काउंटरवर गेले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"बाय, ह्यात मीठ कवा घातलं?"

"आधीच असतं सर, मिक्स."

"म्हून पाला रडतोय बग. तळाला पानी. आधी तेल चोळायचं, पानाला कोट घातल्यागत. मग आंबट. मीठ अगदी शेवटाला, ताटात जाताना. करून बग."

मागे रांग लागली होती. ती मुलगी आधी वैतागली, मग हसली, आणि खरंच तिनं दुसरा बाऊल त्यांच्या पद्धतीनं केला. स्वतः चाखून पाहिला. तिच्या भुवया वर गेल्या. मागचा टाय घातलेला माणूस म्हणाला, "मला पण तसाच द्या, काकांसारखा." आबा माझ्याकडे वळले तेव्हा त्यांची छाती दोन इंच पुढे आली होती.

यानंतर काही दिवसांनी त्यांनी माझं दार वाजवलं तेव्हा मी खाली बसले होते. पुढ्यात ताट, ताटात मी स्वतः किसलेला मुळा, मीठ शेवटी घातलेलं. आबांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता परत गेले. शाळेत पहिला नंबर आल्यावरही मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

मग त्या डिसेंबरात एके सकाळी ते दह्याचं भांडं घेऊन माझ्या दारात आले. काहीतरी बोलायला लागले आणि शब्द ओले झाल्यासारखे एकमेकांत मिसळले. तोंडाची एक बाजू खाली आली. उजव्या हातातलं भांडं निसटून पडलं आणि ते त्या हाताकडे, तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखे, बघत राहिले. वहिनींना हाक मारून, दोघींनी मिळून त्यांना रिक्षात घातलं. हॉस्पिटलात वेळेत पोचलो. आठवड्यानं बोलणं जवळपास पूर्ववत झालं, चालायलाही लागले. उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला.

मुलगा गावाहून आला. बापासारखाच रुंद, कमी बोलणारा, भला माणूस. तो म्हणाला, "आबा, आता बास. गावी चला. हितं एकट्यानं काय करणार?"

"आन् तितं काय करणार?"

"काय करायला कशाला पायजे? बसून ऱ्हावा. तुमची सून ताट आणून देईल."

"त्येच," आबा म्हणाले. "तितं मला कुणी काय करू द्यायचं न्हाय. खाटंवर बसायचं, ताट यायचं, ताट जायचं. वरीसभरात मी म्हातारा व्हणार."

तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते.

बरीच वादावादी झाली. शेवटी मुलानं गुढीपाडव्यापर्यंतची मुदत दिली. तोवर स्वतःचं जेवण स्वतःच्या हातानं करून दाखवलं तर ठीक, नाहीतर तो टेम्पो घेऊन येणार आणि सामानासकट आबांना घेऊन जाणार. मुलगा गेल्यावर आबा मला म्हणाले, "थंडी माझ्या बाजूनं हाय मॅडम. थंडीत सगळं सोलायचं असतंय."

डॉक्टरांनी पिळायला मऊ रबरी चेंडू दिला होता. आबांनी दोन दिवस तो दाबला आणि टाकून दिला. "ह्यातनं काय निघत न्हाय," म्हणाले आणि त्याऐवजी लिंबू घेतलं. अर्धं लिंबू उजव्या मुठीत ठेवायचं आणि पिळायचं. सुरुवातीला बोटं नुसती थरथरायची. मग एक दिवस थेंब पडला. आबांनी तो बोटानं पुसून चाटला आणि मला हाक मारून सांगितलं, "आंबट हाय!" मटार सोलायला घेतले तेव्हा एक शेंग उघडायला पाच मिनिटं लागायची. मग तुरीच्या शेंगा, मग ओला हरभरा, मग कोथिंबिरीचं एकेक पान. भाकरी वहिनींकडून यायची, पण कोशिंबिरीला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ती कशीही व्हायची, गाजराचे ओबडधोबड तुकडे, मोठ्या फोडी. ते पाट पुसून, मांडून, ती खायचे.

वहिनींनी एकदा गुपचूप थोडे मटार सोलून त्यांच्या वाटीत टाकले. आबांनी लगेच ओळखलं. "ही शेंग माझी न्हाय. माझी एवढी सरळ फाटत न्हाय."

आता बिल्डिंगमधल्या बायका बाराला त्यांचं दार वाजवायला लागल्या. "आबा, बसून खाल्लं का?" आतून उत्तर यायचं, "बसलोय, बसलोय!"

पण काकडी जमेना. आबा काकडी कधी किसायचे नाहीत, चोचवायचे. सोललेली काकडी एका तळव्यावर धरायची, दुसऱ्या हातातल्या सुरीनं तिच्यावर टकटक बारीक घाव घालत जायचं आणि मग वरचा थर तासून घ्यायचा. तांदळासारखे तुकडे पडतात. त्याला दोन हात लागतात. उजवा हात सुरी धरणार नाही हे मान्य करून त्यांनी डाव्या हाताला सुरी शिकवायला घेतली होती, पण उजव्या तळव्यात काकडी टिकायची नाही. बोटं मिटायची नाहीत, ती घरंगळून जायची.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी बाराला त्यांच्याकडून पाटाचा आवाज आला नाही. मी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. काकडी फरशीवर पडली होती आणि आबा ओट्याशी उभे राहून बिस्किट खात होते. मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

"बत्तीस वर्सं ह्या हातानं मार्केट उचललं," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "आन् आता एक काकडी धरवंना. जातो मी गावाला. सांगा त्येला टेम्पो आणायला."

मी पाट मांडला. फडक्यानं पुसला. तांब्या भरला. फ्रीजमध्ये कांदा, टोमॅटो, अर्धी कैरी मिळाली, ते चिरलं, दाण्याचं कूट घातलं. ताट वाढून दोन पावलं मागे सरले आणि म्हटलं, "बसा, आबा, बसा. घ्या."

आबा बिस्किट खाली ठेवून येऊन बसले. डाव्या हातानं एक घास घेतला, चावला, गिळला.

"मीठ आधी घातलंत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाराच्या आधीच सुरीचा टकटक आवाज सुरू झाला होता.

पाडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी मुलगा खरोखरच टेम्पो घेऊन आला. सोबत बायकोही होती. टेम्पोत कपाट बांधायला दोर, जुनी पोती, सगळं होतं. मी सुट्टी काढली होती. आबांनी वाद घातला नाही. म्हणाले, "आलासा तसं जेवून जावा."

कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या आगरी मावशींना बातमी लागली होती. त्या स्वतः तिसरा मजला चढून आल्या. "ही घे आबा, माझ्या मांडवाची हाय, आत्ताच खुडली. पानी नको लावूस," म्हणत त्यांनी पाच कोवळ्या काकड्या ठेवल्या, आणि जायच्या ऐवजी दारातच बसल्या.

आबा पाटावर बसले. पुढ्यात परात. त्यांनी डाव्या हातानं एक काकडी उचलून उजव्या तळव्यावर ठेवली. आधी अंगठा हलला. मग एकेक बोट, गंजलेलं बिजागर फिरावं तसं, सावकाश वाकलं. काकडीला वेढा बसला. आबांनी सुरी घेतली.

टक. टक. टक.

"आबा, बोट कापंल!" मुलगा उठला.

"खाली बस. पाव्हणा हाईस तू."

पहिल्या काकडीला पंधरा मिनिटं लागली. दुसरी एकदा घसरली, त्यांनी ती उचलून धुतली आणि परत धरली. तीन काकड्या झाल्या तेव्हा परातीत हिरवट पांढरा ढीग झाला होता. तुकडे पूर्वीसारखे एकसारखे नव्हते, पण कोशिंबीर होती ती. दाण्याचं कूट, मिरची, कोथिंबीर, किसलेली कैरी. हिंग-जिऱ्याची फोडणी चर्रकन ओतली. मग पाट मांडायला लागले.

सून पदर खोचून पुढे झाली. "आबा, तुमी आन् ह्ये बसा. मी वाढते, मागनं बसते."

"न्हाय. आदी तुमी दोगं बसा. मीच वाढणार."

ती नवऱ्याकडे बघायला लागली. नवरा बापाकडे. आबा हातात पळी घेऊन उभेच होते, त्यामुळे शेवटी ती बसली, अंग चोरून, पाटाच्या कडेवर. आबांनी पळी उजव्या हातात घेतली होती. ती वाटीपर्यंत जाईस्तोवर इतकी थरथरली की थोडी कोशिंबीर ताटाबाहेर सांडली. मग शेवटचं मीठ चिमटीनं वरून भुरभुरवलं.

"घ्या," ते म्हणाले.

तिनं घास घेतला. दुसरा घेतला. मग ती हळू आवाजात, कुणाकडेच न बघता म्हणाली, "माझ्या लग्नाला अकरा वर्सं झाली. मला आजपत्तोर कुणी बसवून वाढलं न्हवतं."

दारातल्या मावशींनी पदर तोंडाला लावला. सुनेनं वाटी संपवली, डोळे पुसले आणि आता सरळ नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आबांस्नी कशाला न्यायचं ओ? न्हेऊन खाटंवर बसवून ठिवायचं? ह्ये हितं बरे हाईत."

मुलगा मान खाली घालून जेवत होता. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला होता. आबा त्याच्यासमोर उभे, हातात पळी. मला वाटलं आता तो काहीतरी मोठं बोलेल. त्यानं रिकामी वाटी पुढे केली.

"आबा, आणखी हाय का?"

"लई हाय," आबा म्हणाले.

जेवणं झाल्यावर मुलगा खाली गेला. आणलेला दोर त्यानं नीट गुंडाळला आणि पोत्यांवर टाकला. आबा त्यांना पोचवायला गेटपर्यंत आले. मी मागे होते. सून टेम्पोत चढता चढता वाकली, पाया पडली आणि म्हणाली, "मी येणार हाय परत. चोचवायला शिकायला." टेम्पो रिकाम्या हौद्यानं खडखडत हायवेच्या दिशेनं वळला.

आबा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. डावा हात वर करून टाटा करणं सोपं होतं. त्यांनी उजवा उचलला. कमरेपर्यंत आला, छातीपर्यंत आला, तिथं थांबला, थरथरला, आणि मग जोर लावून थेट डोक्याच्या वर गेला.

"पोचलासा की फोन करा!" ते ओरडले.

वरच्या गॅलऱ्यांमधून बायका बघत होत्या. त्यांच्यातून कुणीतरी दोन बोटं तोंडात घालून कचकचीत शिट्टी मारली. ती समोरच्या वहिनींनी मारली होती, यावर माझा आजही विश्वास बसत नाही. आबांनी वर पाहिलं, आणि तो हात तसाच उंच ठेवून ते जिन्याकडे चालायला लागले.